पाणी कुठे मुरतं

बर्नलीच्या चढावर, सतरा नंबरच्या घरी
सिंक तुंबलं म्हणून मला बोलावलं.
बोलावलं मुलीने, प्रेस्टनहून, फोनवर.
"आईला सांगून थकले," म्हणाली,
"चहाचा चोथा ओतू नको तिथे.
दोनशे चाळीस टी-बॅगांचा खोका आणून दिलाय,
तो फोडलाय की नाही देव जाणे."

थर्झा ऑर्मरॉड. वय चौऱ्याऐंशी.
सत्तावीस वर्षं सूतगिरणीत, मागांच्या खडखडाटात,
म्हणून कानांनी कमी, लोकांच्या ओठांवरून जास्त ऐकणारी.
मी सिंकखाली आडवा, माझे ओठ दिसेनात,
मग ती माझ्या बुटांशी बोलत राहिली.

पान्याने पाइपाचा गुडघा सोडवला
आणि बादलीत भदकन पडलं ते
काळं, मऊ,
पानगळीनंतरच्या रानासारखं.
वीस वर्षांत मोऱ्यांतून काय काय काढलंय मी,
केस, चरबी, दोनदा अंगठी, एकदा कवळी,
पण हुंगावासा वाटला असा गाळ
पहिलाच.

"हात धू. बस," ती म्हणाली.
तपकिरी किटली गरम पाण्याने विसळली,
डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटलं.
"एक चमचा तुझा.
एक माझा.
आणि एक किटलीचा."

किटलीचा?

"मग! सगळ्यांचं ओझं ती वाहते,
तिला नको?"

मी बॅगवाला माणूस.
व्हॅनमध्ये मग, मगात बॅग, चमच्याने कडेला दाबायची,
रंग आला की गाडी चालू.
त्यात वाईट काही नाही. तेच मी तिला म्हणालो,
तोंड नीट तिच्याकडे करून.

ती उठली. बशी घेऊन आली.
एक बॅग कात्रीने उसवून ठेवली होती त्यात.
"बोट लाव. भुकटी.
मागाखाली साचायचा असाच भुस्सा,
कापड वर, भुस्सा खाली, शनिवारी झाडून काढायचो.
आणि ही पिशवी बघ, उजेडात धर,
ताणा नाही, बाणा नाही,
नुसतं चिकटवलेलं. ह्याला कापड म्हणतात?"

आमच्या धंद्यात मुरणं वाईट.
पाणी मुरलं की भिंत फुगते, रंग सुटतो, भांडणं लागतात.
इथे लोकरीच्या टोपीखाली किटली
पाच मिनिटं मुरत बसली
आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत,
जशी आतून कुणी हाक मारणार होतं.

चहा चांगला होता. माझ्या चहाहून किती,
ते सांगण्याइतकी जीभ माझी नाही.

"सिरिल गेला त्या आठवड्यात
मीही वापरून पाहिली एक," ती म्हणाली, खिडकीकडे बघत.
"एक कप, एक बॅग.
बाकी शून्य.
पत्ती घातली की कसे, दोन चमचे तरी होतात.
एक माझा. एक हिचा."

पुढे काही बोलली नाही. कान तिचे,
पण बहिरा मीच झालो होतो क्षणभर.

मग मी विचारलं, चोथा सिंकमध्येच का?
"सिरिल न्यायचा मागे, रुबार्बच्या बुडाशी.
माझा गुडघा त्या पायऱ्या उतरत नाही आता."

मागचं दार उघडून पाहिलं.
तीन पायऱ्या, ओल्या, शेवाळलेल्या,
धरायला काही नाही.
बादली मी रुबार्बला रिकामी केली.

संध्याकाळी मुलीचा फोन. "काय अडकलं होतं?"
म्हटलं, पायऱ्या.
एक कठडा लागेल, दीड मीटरचा. शनिवारी येतो बसवायला.
पाइप ठीक आहे.

निघताना खोका तिने माझ्या काखेत कोंबलाच.
व्हॅनमध्ये आहे अजून.
दोनशे एकोणचाळीस.