मधलं चित्र

सबनीसबाई मगर बघायला जायच्या.
काळ्या घोड्याजवळचा पूल, रविवार, सकाळचे सात,
त्यांच्या हातात घड्याळ,
मागे मी, वही घेऊन.
विश्वामित्रीच्या चिखलात मगर हलायची नाही.
मग हललेली असायची.
"लिहिलंस?"
"काय लिहू बाई, दिसलंच नाही."
"तेच लिही."

औषधाच्या कारखान्यात त्या लेबलं आखायच्या,
खोकल्याच्या बाटलीवरची अडुळशाची पानं,
डोसाच्या रेघा.
घरी, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर
शिवणयंत्राच्या चाकावर काच बसवलेली,
रावपुऱ्यातल्या टॉकीजमधून आणलेली टाकाऊ फिल्मची भेंडोळी.
नायक, नायिका, खलनायक
सगळे ब्लीचच्या बादलीत.
उरलेल्या कोऱ्या पट्टीवर रफूची सुई.
एका सेकंदाला चोवीस ओरखडे.
एखादा भलतीकडे गेला की म्हणायच्या,
"असू दे. त्याला जायचं होतं."

एकाहत्तर साली प्रतापनगरच्या भंगारातून
ऑसिलोस्कोप आणला,
हातगाडीवर, वर गोधडी घालून.
वाटेत दोघांनी विचारलं, कोण आजारी आहे?
त्या रात्री हिरव्या काचेवर रेघ उठली
आणि बाईंनी खालच्या त्रिंबकरावांना
तबल्यासकट वर बोलावलं.
'धा'ला रेघ फुगायची,
तिरकिटाला विस्कटून काचेबाहेर जायची.
कॅमेरा माझ्याकडे होता.
माझा हात थरथरला, तेही फिल्ममध्ये आहे.

दिल्लीहून तिघं आले.
चादरीवर एकेचाळीस सेकंद बघितले.
"यात गोष्ट कुठंय?" एकानं विचारलं.
दुसऱ्यानं उपयोग विचारला, आणि पाणी.
तिसरा जिना अर्धा उतरून परत वर आला,
पुन्हा दाखवता का, म्हणाला.
तेवढ्यात वीज गेली.
तो बसून राहिला अंधारात, चादरीसमोर.
गाडी चुकली त्याची.
अनुदान काही आलं नाही.
त्याची पत्रं मात्र यायची, दर दिवाळीत,
पुढे तीही नाही.

बाई अठ्ठ्याहत्तरच्या असताना
भाच्याच्या मुलानं लॅपटॉप उघडून दाखवलं:
हे पहिलं चित्र, हे शेवटचं,
मधली सगळी मशीन भरतं.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.
"मधली कोण काढतं?"
"कुणीच नाही आजी. आपोआप."
बराच वेळ गप्प होत्या.
मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"म्हणजे ह्यांना मगर दिसली."
खूश होत्या की काय, मला अजून ठरवता येत नाही.

भंगारवाल्यानं सगळं किलोवर नेलं,
गोल नळी तेवढी परत दिली,
काच तोलत नाही म्हणाला.
ती माझ्या कपाटावर आहे, धूळ पुसतो अधूनमधून.

रविवारी जातो अजून पुलावर.
परवा कठड्याशी एक पोरगा लोंबत होता,
"काका, ए हाल्यो?"
मी त्याला मागे ओढायला वळलो.
पुन्हा बघतो तर चिखलावर
ओली, लांब खूण.