आजच्या तारखेला

येरवड्याच्या पुलापलीकडे, सहाव्या मजल्यावर,
रात्री साडेनऊला माझा दिवस उजाडतो.
टोरंटोत तेव्हा सकाळचे अकरा.
तिथल्या एका रेडिओ स्टेशनला रोज एक ओळ लागते:
आजच्या तारखेला काय घडलं.
ती ओळ मी लिहिते. मी, सुवर्णा वायदंडे,
बर्फ फक्त रसवंतीतला पाहिलेली.

कोण कुठल्या गावी जन्मला,
कुठल्या बँडचा ड्रमर कुठल्या महिन्यात रुसून गेला,
कुणाची तबकडी पहिल्यांदा शेजारच्या मोठ्या देशात वाजली.
हे शेवटचं त्यांना फार महत्त्वाचं.
शेजाऱ्यानं वाहवा केली की मग घरचे ऐकतात.
मला हे समजावून सांगावं लागलं नाही.
सास्काटून, हॅलिफॅक्स, मूस जॉ,
नावं आता जिभेला सरावलीत
हडपसर, मांजरी, लोणीसारखी.

महिना आधी लिहायचा, तारीख नंतर, आपल्या उलट.
पहिल्याच आठवड्यात मी एका गायिकेला
चार मार्चऐवजी तीन एप्रिलला जन्माला घातलं.
टीम लीड पटवेकर म्हणाला, महिनाभर पुढे गेलं की गं,
बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?

सकाळी साडेसहाला कॅब लोहियानगरच्या तोंडाशी सोडते.
पप्पा जागेच. चहा गाळता गाळता विचारतात,
"काय झालं गं आज तिकडं?"
"तिकडं अजून कालच आहे, पप्पा."
"बरंय. म्हणजे वाजवायला अजून वेळ आहे."

पप्पा, रघुनाथ वायदंडे, क्लॅरनेट,
न्यू गुलाब ब्रास बँड, एकवीस माणसं,
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
दोन्ही अंगांना डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बाया
आणि मागं जनरेटरची हातगाडी,
जिचा सूर कधी कुणाशीच जुळला नाही.

एकदा त्यांना वाचून दाखवलं:
अठरा जानेवारी एकोणीसशे एकाहत्तर.
त्या दिवसापासून तिथल्या रेडिओवर
शंभरातली तीस गाणी घरच्यांची लावायची, असा नियम.
नाहीतर सगळी हवा शेजारच्याच गाण्यांनी भरून जायची.
पप्पांनी बशी खाली ठेवली.
"तीस? सरकारनं सांगितलं? मोजून?"
मग बराच वेळ बोलले नाहीत.
बोटं मात्र टेबलावर पडत राहिली, उठत राहिली,
भोकं नसलेल्या त्या लाकडावरून
कुठलीतरी वरात लक्ष्मी रोडनं पुढं सरकत होती.

आमच्याकडे तारखा नाहीत.
गुलाबच्या शेवटच्या सुपारीची पावती असलीच तर
मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत,
आणि पेटी मास्तरांच्या पोरानं विकली.
आई म्हणते, वैशाख होता, कर्वेनगरची पार्टी होती.
पप्पा म्हणतात, छे, तुळशीचं लग्न नुकतं झालेलं,
कोटाच्या आत स्वेटर होता माझ्या.
एवढं दोघांना पटतं की मागून ट्रक आला,
त्यावर भिंतीएवढे स्पीकर,
आणि नवरदेवाच्या मामानं हात करून सांगितलं,
तुम्ही जरा थांबा.

ते थांबले. एकवीस माणसं, फुटपाथवर, वाद्यं काखेत.
आता वाजवा, हे सांगायला कुणी आलंच नाही.

फेब्रुवारीत एक तारीख रिकामी निघाली.
सगळं धुंडाळलं. कुणी जन्मलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं.
पहाटे तीनला त्या चौकोनात मी टाइप केलं:
आजच्या तारखेला, पुण्यात,
आणि वर्षापाशी अडले.
कर्सर लुकलुकत राहिला,
मास्तरांच्या काठीसारखा, नुसताच ठेका देत.

पटवेकरनं शेवटी कुठल्याशा हिवाळी जत्रेचा कार्यक्रम
शोधून दिला. मी तो भरला.

सकाळी पप्पांनी विचारलं.
म्हटलं, आज काही नाही.
"असं कसं," म्हणाले,
"कुणाचं तरी लग्न असेलच की."