खोका क्रमांक एकेचाळीस

मी फक्त खोकी आणून देतो.
सही घेतो, पेन काढून घेतो, पेन्सिल देतो.
तळघरातली हवा कोरडी ठेवावी लागते,
नाहीतर स्वातंत्र्याला बुरशी येते,
असं आमचे जुने साहेब म्हणायचे
आणि स्वतःच हसायचे.

आज पुन्हा ते दोघं समोरासमोर.
ऑर्म्सबी, चाळीस वर्षं याच टेबलाशी,
कोपरांवर झिजलेला कोट.
आणि ओडेसा पेटिफोर्ड,
रिचमंडहून पहाटेच गाडी हाकत आलेली.

मधे एका खानावळवाल्याची हिशेबवही.
सतराशे अठ्ठ्याऐंशी, जून अखेर.
व्हर्जिनियानं राज्यघटनेला होकार दिल्याची बातमी
घोड्यावरून इथवर पोचली त्या रात्री:
मेणबत्त्या चौदा.
रम, तीन पिंपं.
फुटलेले पेले नऊ.
तेरा वेळा प्याले उंचावले, कशाकशाच्या नावानं तेही लिहिलंय.
तेराव्यापुढे एक शब्द, आणि नेमका त्यावर डाग.

'सर्वांसाठी', ऑर्म्सबी वाचतात.
ती भिंग सरकवते.
'सर्व' दिसतंय. 'साठी' तुमच्या पदरचं.

मग जुंपते.
त्या माणसांना त्यांच्या काळाच्या मापानं मोजा, ते म्हणतात.
माप कुणाकडे होतं? ती विचारते. पिंपं कुणी वाहिली?
तिचं बोट कागदापासून केसभर वर थांबतं,
पानाच्या अगदी तळाशी:
'ज्यूबा, रात्रभर. त्याच्या मालकास दोन शिलिंग.'

ऑर्म्सबी बराच वेळ चष्मा पुसतात.
ही ओळ मी पाहिली होती, म्हणतात,
एक्याऐंशी साली.
टिपूनही घेतली.
कुठं घालावी ते कळेना.

ती जिंकल्यासारखी बघत नाही.
तिच्या वहीत मघाशी मी वाचलं, वाचू नये तरी:
'त्या रात्री ज्यूबानंही ऐकलं असेल सगळं'
आणि त्यावर खोडरबर फिरवलेला,
पुन्हा तेच, जरा फिकट.

साडेचार.
मी घसा खाकरतो. फीत बांधतो.
जिन्यावरून त्यांचे आवाज वर जातात,
पार्किंगपर्यंत भांडतील, मग त्यांना तिच्या टायरात हवा कमी दिसेल.

मला कुणी विचारत नाही.
बावीस वर्षं हा खोका उचलतोय;
तो डाग शाईचा नाही, मेणाचा आहे.
कुणीतरी वाकलं होतं या पानावर,
हिशेब मिटल्यावर,
हातात पंधरावी मेणबत्ती धरून.

अर्थात हे मी कुठं लिहून ठेवलेलं नाही.