डूलॅली

लॅम रोडवर खोर्शेदबाईंकडे मे महिन्यात शिकवणी,
दहा ते अकरा.
तोफांचा सराव सुरू झाला की काचा थरथरत,
बाई थांबत, मग पुढे:
‘सिली’ म्हणजे आता वेडगळ,
पण पूर्वी, फार पूर्वी, पुण्यवान.
‘नाइस’ म्हणजे तेव्हा अडाणी. लिहा.
भगूरचा करंजकर म्हणाला,
बाई, मग मी लई नाइस.

एकदा त्यांनी आमच्याच देवळालीचं नाव काढलं.
डूलॅली. अर्थ, डोकं फिरलेला.
मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन
बोटीची वाट बघत बसायचे, महिनोन् महिने.
पुढे आणखी एक शब्द जोडलेला, टॅप.
तो नळाचा नव्हे, बाई म्हणाल्या,
तो तुमचा ताप.

घरी आईला सांगितलं.
भाकरी थापता थापता म्हणाली,
एवढं राज्य केलं, अन्
डोक्याचा ताप आमच्याकडून उसना नेला?

बाईंचा रुस्तम लीड्सला.
पोस्टमन पावणेअकराला कोपऱ्यावर दिसे.
त्या दिवशी सायकल फाटकाशी हळू झाली,
बाईंचं वाक्य अर्ध्यात राहिलं,
सायकल पुढे गेली.

करंजकर हळूच म्हणाला, डूलॅली.
कोणी हसलं नाही.