तिसरा खांब

हॅलिफॅक्सची ही चढण.
मुद्दाम दोन थांबे आधी उतरले,
दिव्याच्या तीन खांबांना तीनदा टेकले;
चर्चची घंटा तोवर वाजून गेली.

प्रभुभोजनाला गुडघे टेकले, तेव्हा हाडं बोलली.
शेजारी मॉरीनबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
तळहातावर पापुद्र्याएवढी भाकर,
वजनच नाही तिला.
हिला मात्र मी जिभेवर सावकाश विरघळू देते.

आणि रात्रपाळीहून आल्यावर
फ्रिजच्या उजेडात, कोटसुद्धा न काढता,
थंड चिकन, पोरांच्या पिझ्झाच्या कडा, कस्टर्ड,
कुणाचे आभार नाहीत,
चवही नाही.
मागते फक्त आजची भाकर,
फ्रीझरात कोंबते महिन्याची.

डॉक्टरीणबाई आकडा सांगतात.
बापाने आजवर आकडा विचारला नाही,
म्हणून तर त्याच्यासमोर जास्त लाजते.

उठताना कठडा पुरला नाही.
चौऱ्याऐंशी वर्षांचं एक बारीक मनगट
माझ्या काखेत आलं.

"पुढच्या रविवारी खालच्या थांब्यावर थांब,"
मॉरीनबाई कुजबुजल्या,
"बरोबर चढू.
तिसऱ्या खांबाला मीही टेकते."