एक पूर्णांक आठ

शुक्रवारी रात्री साडेदहाला लॉरीनच्या डायनरमध्ये
अख्खं केंडल्टन बसलंय, कोट न काढता.
बाहेर इंडियानाभर मक्याची रिकामी शेतं, त्यांवर बर्फ.
आत कॉफी, तळलेल्या कांद्याचा वास
आणि एक खापर,
जे फोडायला अजून डोकं ठरलेलं नाही.

पहिला मान अर्थातच रेफरीचा.
त्याची मेहुणी त्यांच्या शाळेत शिकवते,
हे वर्नला पक्कं ठाऊक आहे.
वर्नला नेहमीच सगळं पक्कं ठाऊक असतं.
मग कोच हॅल्डन. टाइमआउट शिल्लक असताना
हाताची घडी घालून उभा, लग्नात रुसलेल्या मामासारखा.
(ही उपमा माझी. वर्न म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.)
मग कोर्टाचं लाकूड. नवं पॉलिश फार निसरडं.
नाचता येईना, एवढं मी मनात म्हटलं आणि थांबलो.
इथे कुणाला सांगत बसू, अंगण म्हणजे काय.

मग लॉरीननं थोडं स्वतःवरच घेतलं:
नोव्हेंबरपासून न धुतलेला निळा स्वेटर
तिनं मंगळवारी धुतला.
यावर मात्र सगळे गप्प झाले.
हे कारण कुणालाच खोडता येईना.

आणि शेवटी, जिथे ते पोचणार
हे मला दार ढकलतानाच कळलं होतं,
तिथे पोचले.
कोल्बी रेनर. वय सतरा.
दोन फ्री थ्रो, दोन्ही रिंगवर आपटून बाहेर.
“एक जरी गेला असता.”
“एक जरी.”
“बापही असाच. ऐन वेळी हात कापायचे.”
बापाचा वीस वर्षांपूर्वीचा सामना
सॉसच्या बाटल्या मांडून पुन्हा खेळला गेला
आणि पुन्हा हरला.

मी मिस्टर के. खांबेटे हे नाव
इथल्या जिभांना अकरा वर्षांत पेललं नाही.
शाळेत रसायन शिकवतो,
आणि ग्लेनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून
घरच्या सामन्यांना घड्याळ चालवतो.
चेंडू हाताला लागला की बटण दाबायचं. एवढंच काम.

एका गुणानं आपण पुढे. उरले एक पूर्णांक आठ सेकंद.
थ्रो-इन त्यांचा. आणि मी चेंडूकडे नाही,
कोल्बीकडे बघत होतो.
त्यानं जर्सीची कड दातांत धरली होती,
आमचा धाकटा इंजेक्शनच्या आधी धरायचा तशी.
माझा अंगठा उशिरा उतरला.
किती? अर्धा सेकंद. कमीच असेल.
त्यांच्या पोराला वळून उडी मारायला पुरला तेवढा.

रेफरीनं पाहिलं नाही.
वर्ननंही नाही.

“तुम्ही तर टेबलापाशीच होता, मिस्टर के,
खरं सांगा, चुकलं कुणाचं?”
मी ताकाला आलेलो, भांडं पाठीमागे.
म्हणालो, पॉलिश जरा निसरडंच होतं.
माना हलल्या.
लॉरीननं माझा कप पुन्हा भरला,
आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सोमवारी, दुसऱ्या तासाला प्रयोग.
कागदावर काळी फुली, तिच्यावर काचेचं पात्र.
दोन द्रावणं मिसळली की पाणी गढूळ होत जातं,
फुली दिसेनाशी झाली की वेळ लिहायची.
कोल्बीशेजारी कुणी उभं राहिलं नाही,
म्हणून मी राहिलो.
स्टॉपवॉच त्याच्या हातात.
“कधी सुरू करू, मिस्टर के?
तुम्ही ओताल तेव्हा,
का मला दिसेल तेव्हा?”

मी परीक्षानळी तिरपी धरून उभा.
फुली अजून स्वच्छ दिसत होती.