गोलीला शर्ट चालतो

भात कापून झालं की बोरीच्या शेतात
आमचं मैदान होतं, रोज पाच वाजता.
जर्सी कुणाकडेच नाही,
म्हणून एका बाजूने शर्ट काढायचे.
काढलेले शर्ट मेरेवर, घामेजलेले,
जागा पकडून बसल्यासारखे.

गावात नवा होतो. पहिल्याच दिवशी हात वर केला:
गोलात मी राहतो.
गोलीला शर्ट चालतो, दोन्ही बाजूंना.
हा नियम कुणी केला ठाऊक नाही,
त्याच्यावर मी नऊ वर्षं काढली.

दोन दगड, मध्ये आठ पावलं.
दुमिंग सांगत फिरायचा, असा गोली
शिरोड्यापर्यंत मिळायचा नाही,
चेंडू छातीवर म्हणून घेत नाही, पण सोडतही नाही.
छातीवर कसा घेणार, दुमिंग.
शर्टाच्या आत पट्टा, पट्ट्याच्या आत
मोजून ठेवलेला श्वास,
थोडा पेनल्टीला, थोडा घरी जायला.

खेळ संपला की सगळे झरीवर.
सहा ते सात पुरुषांची वेळ.
मी चपला सांभाळायला.
चाव्या, मोबाइल, पुंडलिकाची चेन
माझ्या मांडीवर,
आणि वळणापलीकडून पाण्याचा नुसता आवाज.
ताप आहे. कान फुटलाय. पाण्याची भीती वाटते.
शेवटचं त्यांनी खरं मानलं.
मी, तेरेखोलच्या होडीत वाढलेला!

मे महिन्यात ऑपरेशन झालं.
यंदा पहिल्या संध्याकाळी मेरेवर गेलो,
बटणं सोडली.
दोन आडव्या रेघा, अजून गुलाबी.
दुमिंगने पाहिलं. पुंडलिकाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.
शाणूचा भाऊ शर्ट चढवून घरी गेला,
तो अजून आलेला नाही.
"आज तू बिनशर्टवाल्यांत," दुमिंग म्हणाला. "पुढे खेळ."

पुढे खेळलो. वाईट खेळलो.
मोकळा गोल समोर, चेंडू माडाला मारला.
धावताना वारा थेट अंगाला लागत होता,
पायांवर लक्षच राहिना.
तिकडे आमच्या गोलात पुंडलिक
आणि त्याचं पोट. पाच खाल्ले.

शेवटी मीच म्हटलं, मला परत गोलात जाऊ दे.
दोन दगडांच्या मध्ये उभा राहिलो, उघडा.
शाणूचा पहिलाच फटका सरळ आला.
छातीवर घेतला.
दुखलं. चांगलं हाडापर्यंत दुखलं.

मग झरीच्या वाटेवर
चपला कोण सांभाळणार
यावरून थोडं भांडण झालं.